युरोपला निघताना गोळ्यांचा डबा

एप्रिल उजाडला की ओपीडीत एक वेगळा पेशंट दिसू लागतो. चेहऱ्यावर आजार नसतो, हातात फाइल असते. ‘डॉक्टर, परवा फ्लाइट आहे. प्रवासाला फिट असल्याचं सर्टिफिकेट हवंय.’ मुलाने तिकिटे काढलेली असतात, व्हिसा झालेला असतो, हॉटेलचे पैसे भरलेले असतात. जो विषय दोन-तीन महिने आधी निघायला हवा होता, तो दोन दिवस आधी निघतो.

मागच्या वर्षी असेच एक निवृत्त मुख्याध्यापक आले. वय ६७, मधुमेह चौदा वर्षांचा. सकाळी ग्लिमेपिराइड आणि मेटफॉर्मिन, शिवाय रक्तदाबाची गोळी. सोबत पत्नी, त्यांचे गुडघे दुखणारे. सुदैवाने त्यांच्या हाती अजून आठ आठवडे होते आणि मुलाने कच्चा आराखडाच दाखवायला आणला होता. नऊ दिवस, पाच शहरे: पॅरिस, ब्रसेल्स, अ‍ॅमस्टरडॅम, प्राग, व्हिएन्ना. पहिल्याच दिवशी सकाळी विमानातून उतरून दुपारी आयफेल टॉवर. मी विचारले, ‘सर, या कागदावर जेवणाची वेळ कुठे आहे?’

हा प्रश्न थट्टेचा नव्हता. परदेशवारी म्हटले की लोकांना विमानाची भीती वाटते, थंडीची वाटते. मधुमेह्यांच्या बाबतीत मला भीती वाटते ती हुकलेल्या जेवणाची. घरी दिवसाला तीन-चार हजार पावले चालणारा माणूस तिथे सहज पंधरा हजार पावले चालतो. संग्रहालयाच्या रांगेत दुपारचे जेवण सरकते. शाकाहारी माणसाची नाश्त्याला पावाच्या दोन कापांवर बोळवण झालेली असते. जूनमध्ये पॅरिसला सूर्य मावळतो रात्री दहाच्या सुमारास. उजेड आहे म्हणून सगळे फिरत राहतात आणि नऊला जेवायला बसतात, तेव्हा भारतात साडेबारा वाजून गेलेले असतात. सकाळची गोळी मात्र घरच्याइतकीच घेतलेली. ग्लिमेपिराइडसारखी औषधे आणि इन्सुलिन, पोटात अन्न असो वा नसो, साखर खाली आणतातच. चालणारे स्नायूही साखर वापरतात. मग घाम, थरथर, चिडचिड, असंबद्ध बोलणे. घरच्यांना वाटते, बाबा दमले. त्यांना बाकावर झोपवतात, आणि तीच चूक महागात पडते.

उपाय साधा आहे. खिशात ग्लुकोजची पावडर, पिशवीत ग्लुकोमीटर, आणि फिरण्याच्या दिवसांत गोळीचा किंवा इन्सुलिनचा डोस कमी करायचा का हे निघण्यापूर्वी आपल्या डॉक्टरांना विचारणे. स्वतःच्या मनाने गोळी बंद करू नये. मेटफॉर्मिन एकटे घेणाऱ्यांना हा धोका फारच कमी. चिक्की, खाकरे, भाजके दाणे जरूर न्यावेत. पेढे-बर्फी नकोत, कारण दुधाचे पदार्थ युरोपीय संघात नेण्यास बंदी आहे. इन्सुलिन हातातल्या बॅगेतच ठेवावे. विमानाच्या पोटातल्या सामानात ते गोठू शकते, आणि एकदा गोठलेले इन्सुलिन कामाचे राहत नाही.

दुसरी गोष्ट लोक डॉक्टरांनाही सांगत नाहीत. लघवीचे प्रमाण वाढवणारी रक्तदाबाची गोळी अनेकजण सहलीत गुपचूप बंद करतात आणि पाणी पिणेही थांबवतात, कारण स्वच्छतागृह सापडत नाही किंवा सापडले तर पैसे मागते. पॅरिसच्या रस्त्यांवरची स्वयंचलित शौचालये फुकट आहेत, हे मी आवर्जून सांगतो. पाण्याची बाटली विकत घेण्याचीही सहसा गरज नसते. व्हिएन्नाच्या नळाला १८७३पासून डोंगरातल्या झऱ्यांचे पाणी येते, आणि पॅरिसच्या नळाचे पाणीही निर्धास्त प्यावे.

‘युरोपात थंडीच असणार’ हा समजही सोडावा. २००३च्या ऑगस्टमधील उष्णतेच्या लाटेत एकट्या फ्रान्समध्ये सुमारे १५ हजार जादा मृत्यू झाले, त्यांतले बहुतेक वृद्धांचे. तिथल्या जुन्या इमारती थंडीसाठी बांधलेल्या असतात. म्हणून हॉटेल ठरवताना दोन प्रश्न आधी विचारावेत: एसी आहे का, आणि लिफ्ट आहे का. पॅरिसची मेट्रो १९०० साली सुरू झाली. तिच्या बहुतेक स्थानकांवर आजही जिनेच चढावे लागतात. गुडघेदुखी असलेल्यांनी तिथे बसने फिरावे, शहरही दिसते. व्हिएन्नाच्या मेट्रो स्थानकांवर लिफ्ट आहेत. प्रागचे दगडी रस्ते सुंदर खरे, पण नव्या बुटांनी चालू नयेत. बूट महिनाभर आधी घेऊन घरीच वापरावेत. मधुमेह्याच्या पायाला आलेला फोड किरकोळ नसतो.

विमानाबद्दल थोडेसे. चार तासांपेक्षा जास्त बसून केलेल्या प्रवासाने पायांच्या शिरांत रक्ताची गुठळी होण्याचा धोका साधारण दुप्पट होतो, असे जागतिक आरोग्य संघटनेच्या २००७च्या अहवालात आहे. निरोगी माणसात मात्र तो सहा हजारांत एक इतकाच राहतो. दर तासाला पोटऱ्या हलवाव्यात, मधून उठावे. पूर्वी गुठळी झालेली असेल, नुकतीच शस्त्रक्रिया झाली असेल किंवा कर्करोगाचे उपचार चालू असतील, तर सल्ला घेतल्याशिवाय निघू नये. परतल्यावर महिनाभरात एकच पाय सुजला किंवा दम लागला, तर डॉक्टरांना प्रवासाचे आठवणीने सांगावे.

शेंगेन व्हिसासाठी किमान ३० हजार युरोंचा आरोग्यविमा लागतोच. पण तो बहुतेक घरांत व्हिसाचा एक कागद म्हणून घेतला जातो, सर्वांत स्वस्त बघून. आधीपासूनचे आजार त्यात धरले आहेत का, हे वाचणारे थोडे. मधुमेह, हृदयविकार लपवून घेतलेला विमा ऐनवेळी नाकारला जाऊ शकतो. तिथे आपल्यासारखी दुकानातून थेट अँटिबायोटिक मिळत नाही, आणि आपल्या ब्रँडची नावे हिरव्या क्रॉसच्या त्या औषध दुकानांत कोणाला कळत नाहीत. म्हणून चिठ्ठीवर औषधांची मूळ नावे इंग्रजीत लिहून घ्यावीत, आणि औषधे चार दिवस जास्तीची न्यावीत. तातडीच्या मदतीचा क्रमांक ११२.

मुख्याध्यापकांच्या मुलाने शेवटी तीन शहरे खोडली. प्राग आणि व्हिएन्ना राहिली, मध्ये सुमारे चार तासांची रेल्वे. उतरल्या दिवशी फक्त हॉटेलजवळची बाग. मी त्यांचा सकाळचा डोस थोडा कमी केला.

जुलैत ते परत आले ते वही घेऊनच. रोजच्या साखरेच्या नोंदी, मास्तरांच्या सुवाच्य अक्षरात. एका दुपारी आकडा ६४.

‘या दिवशी काय झालं, सर?’

‘राजवाड्याची बाग. हिला अजून थोडं बघायचं होतं. मी म्हटलं, आधी बाकावर बस आणि ती ग्लुकोजची पुडी काढ.’