विश्लेषण : मत मांडायला भीती का वाटते? कायदा नेमका काय सांगतो?

व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर राजकारण, धर्म किंवा जातीचा विषय निघाला की अनेक जण टाइप केलेला मेसेज पाठवण्याआधीच पुसून टाकतात. ‘उगाच भानगड नको’ हे त्यामागचे कारण. मत मांडणे हा गुन्हा नाही, असे न्यायालयांनी वारंवार सांगूनही ही भीती का जात नाही?

पालघर प्रकरण काय होते?

बाळासाहेब ठाकरे यांच्या निधनानंतर नोव्हेंबर २०१२ मध्ये पाळण्यात आलेल्या बंदविषयी पालघरच्या एका तरुणीने फेसबुकवर पोस्ट लिहिली. तिच्या मैत्रिणीने ती ‘लाइक’ केली. दोघींना अटक झाली. एकीच्या काकांच्या दवाखान्याची तोडफोडही झाली. माहिती तंत्रज्ञान कायद्याचे कलम ६६-अ तेव्हा देशभर चर्चेत आले. त्रासदायक वाटणाऱ्या ऑनलाइन मजकुरासाठीही त्यात तीन वर्षांपर्यंत कैदेची तरतूद होती.

न्यायालयाने काय सांगितले?

सर्वोच्च न्यायालयाने २४ मार्च २०१५ रोजी श्रेया सिंघल प्रकरणात हे कलम घटनाबाह्य ठरवले. एखाद्या विषयावर चर्चा करणे किंवा मताचा पुरस्कार करणे, मग ते कितीही अप्रिय असो, गुन्हा होत नाही. चिथावणीपर्यंत गेल्यासच निर्बंध येऊ शकतात, असा फरक न्यायालयाने केला. तरीही रद्द झालेल्या कलमाखाली गुन्हे नोंदवले जात राहिले. २०२१ मध्ये न्यायालयाने त्यावर धक्का व्यक्त केला आणि ऑक्टोबर २०२२ मध्ये या कलमाखाली कुणावरही खटला चालवू नये, असे पुन्हा बजावावे लागले.

स्टेटस ठेवल्याने गुन्हा होतो का?

अनुच्छेद ३७० रद्द करण्यावर टीका करणारे आणि पाकिस्तानला स्वातंत्र्यदिनाच्या शुभेच्छा देणारे स्टेटस ठेवल्यामुळे कोल्हापूर जिल्ह्यातील एका प्राध्यापकावर २०२२ मध्ये गुन्हा दाखल झाला. मुंबई उच्च न्यायालयाने तो रद्द करण्यास नकार दिला. अखेर ७ मार्च २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो रद्द केला. शब्दांचा परिणाम दुबळ्या मनाच्या नव्हे, तर विवेकी आणि खंबीर माणसाच्या कसोटीवर तपासावा, हे तत्त्व त्यात आधार ठरले. ते मांडले होते नागपूर उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती व्हिव्हियन बोस यांनी, स्वातंत्र्यापूर्वी.

ग्रुप अ‍ॅडमिन जबाबदार असतो का?

सदस्याच्या आक्षेपार्ह पोस्टसाठी केवळ अ‍ॅडमिन असल्यामुळे कुणाला जबाबदार धरता येत नाही, असा निर्वाळा मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने २०२१ मध्ये दिला. दोघांचा समान हेतू किंवा आधी ठरलेला कट मात्र दिसता कामा नये.

मग भीती कुठून येते?

शिक्षेपेक्षा प्रक्रियेतून. निकाल बाजूने लागेपर्यंत पोलीस ठाणे, वकील, कोर्टाच्या तारखा आणि नोकरीची चिंता सुटत नाही. कोल्हापूरच्या प्राध्यापकाला दिलासा मिळायला दीड वर्षाहून अधिक काळ लागला. हे पाहणारे इतर हजारो जण गप्प बसतात. दुसरे कारण सामाजिक आहे. जर्मन अभ्यासक एलिझाबेथ नोएल-नॉयमन यांनी १९७४ मध्ये ते मांडले. आपले मत अल्पसंख्य आहे असे वाटले की एकटे पडण्याच्या धास्तीने माणूस बोलत नाही. तो न बोलल्याने ते मत आणखीच दुर्मीळ वाटू लागते आणि त्याच्यासारखे इतरही गप्प होतात.

जपून बोलणे म्हणजे घाबरणे का?

नाही. कुणाच्या जातीवरून किंवा व्यंगावरून हिणवणारा शब्द टाळला, तर कोणतेही मत दडपले जात नाही; योजनेवर, नेत्यावर वा निर्णयावर टीका करायला तो शब्द लागतच नाही. भीती सुरू होते ती टीकाच टाळली जाते तेव्हा.

आता संरक्षण काय आहे?

भारतीय न्याय संहितेत तेढ निर्माण करणे (कलम १९६) आणि धार्मिक भावना दुखावणे (कलम २९९) हे गुन्हे आहेतच. मात्र तीन वर्षे किंवा अधिक, पण सात वर्षांपेक्षा कमी शिक्षेच्या गुन्ह्यांत वरिष्ठांच्या परवानगीने १४ दिवसांत प्राथमिक चौकशी करण्याची मुभा पोलिसांना आहे. अभिव्यक्तीशी संबंधित तक्रारींत ती करणेच योग्य, असे सर्वोच्च न्यायालयाने २८ मार्च २०२५ रोजी इम्रान प्रतापगढी प्रकरणात सांगितले. पोलीस ठाण्यांत ही चौकशी प्रत्यक्षात होते की नाही, यावरच सामान्य माणूस मेसेज पाठवणार की पुसणार, हे बरेचसे ठरेल.