लेकीचं विमान कोणतं?

ओझरच्या बाजूला राहणाऱ्यांना विमानाच्या आवाजाचं काही वाटत नाही. वरणाला फोडणी देता देता आमच्या वन्सं नुसत्या आवाजावरून सांगतात, ‘हे सुखोई!’ त्यांच्या यजमानांची उभी नोकरी तिथल्या एच.ए.एल.च्या कारखान्यात गेली. १९६४ साली मिग विमानांसाठी तो कारखाना निघाला, पुढे सुखोई आली आणि १७ ऑक्टोबर २०२५ ला तिथं बांधलेलं पहिलं तेजस मार्क-१ए तिथूनच उडालं. अशा घरातली मुलगी वायुदलात गेली, यात नवल ते काय?

पण गेल्या महिन्यात भाची हैदराबादजवळच्या दुंडिगलच्या अकादमीतून सुट्टीवर आली आणि म्हणाली, ‘मामी, आता पसंती लिहून द्यायचीय. फायटर, ट्रान्सपोर्ट की हेलिकॉप्टर.’ झालं! दोन दिवस घरात कुणी धड जेवलं नाही.

वन्संचं म्हणणं सरळ होतं. मोठं विमान घे. शेजारी दुसरा पायलट असतो, इंजिनं जास्त असतात आणि उद्या वायुदल सोडलंच तर प्रवासी विमानं चालवता येतात. (हे शेवटचं मलाही पटलं, खोटं कशाला सांगू?) मालवाहू विमानं आणि हेलिकॉप्टरं बायकांच्या हाती आली ती १९९४ च्या सुमारास. लढाऊ विमानांसाठी मात्र २०१६ साल उजाडावं लागलं. अवनी चतुर्वेदी, भावना कांत आणि मोहना सिंह या त्या पहिल्या तिघी. २०१९ मध्ये आपल्या नागपूरची अंतरा मेहताही त्या वाटेनं गेली.

मला यातलं काय कळतंय! भाचीनंच समजावलं. लढाऊ विमान जोरात वळलं की अंगाचा भार कितीतरी पटींनी वाढतो. सहापट झाला, तर ५५ किलोची मुलगी ३३० किलोची! रक्त पायांकडे ओढलं जातं, डोळ्यांपुढे अंधारी येते. म्हणून पाय आणि पोट आवळणारा खास पोशाख असतो, श्वास कसा धरायचा तेही शिकवतात. आणि तेजससारख्या विमानात जे ठरवायचं ते एकटीनं, क्षणात. मोठ्या विमानाची तऱ्हा निराळी. सोबतच्या सगळ्यांना सांभाळून न्यायचं. ‘तुझी शाळेची सहल असते ना मामी, तसं.’

पण मोठं विमान म्हणजे सुखरूप, हेही खरं नव्हे. २०१३ मध्ये लडाखात दौलत बेग ओल्डीला, साडेसोळा हजार फुटांवर, हर्क्युलिस उतरवलं ते याच लोकांनी. ऑगस्ट २०२१ मध्ये सी-१७ मधून काबूलहून एका फेरीत १६८ माणसं आणली, तीही यांनीच. आणि जून २०१९ मध्ये अरुणाचलात ए-एन-३२ पडलं, त्यात तेराजण गेले. हे ऐकून वन्सं गप्पच झाल्या. मी तो विषय काढायला नको होता.

बरं, एवढा घोर लावून घेऊन निवड सर्वस्वी मुलीच्या हाती असते म्हणावं, तर तेही नाही. पसंती विचारतात; पण गुण, उडवण्यातला हात आणि वायुदलाची गरज पाहून ठरतं. फायटर मिळालं तर पुढे बीदरला हॉक विमानावर, ट्रान्सपोर्ट मिळालं तर बंगळूरजवळ येलहंक्याला.

तिचे बाबा दोन दिवस काही बोललेच नव्हते. शेवटी मीच विचारलं, ‘भावोजी, तुमचं काय म्हणणं?’

‘वहिनी, तीस वर्षं बोल्ट आवळले. दर वेळी वाटायचं, आत कुणाचा तरी मुलगा बसणार आहे. आता...’ पुढचं त्यांनी बोललंच नाही. उठले आणि लेकीच्या बॅगेची अडकलेली चेन दुरुस्त करत बसले.

तिनं पहिली पसंती फायटर लिहिली, दुसरी ट्रान्सपोर्ट. उत्तर अजून यायचंय. वन्संनी काल नाचणीच्या लाडवांचा डबा पार्सलनं धाडला.