झटका कधी बसतो, ते आधी लिहून ठेवा

गाडीची नाडी : भाग ९

असोद्याच्या आप्पांच्या डाव्या गुडघ्यानं दगा दिला, तेव्हा मुलानं पुण्याहून एक जुनी ऑटोमॅटिक गाडी आणून दिली. क्लच दाबायचा नाही, म्हणजे डाव्या पायाला काम नाही. जळगाव हाकेच्या अंतरावर. बँक, दवाखाना, बाजार, सगळीकडे आप्पा पुन्हा स्वतः जाऊ लागले. यंदा चैत्रात मात्र गाडी झटके मारायला लागली. दुसऱ्या गिअरमधून तिसऱ्यात जाताना मागून कुणीतरी ढकलल्यासारखं होई. एका गॅरेजात दाखवली, तर गाडी चालवून न बघताच उत्तर मिळालं, "गिअरबॉक्स खोलावा लागेल." सांगितलेला खर्च गाडीच्या आजच्या किमतीच्या निम्मा.

आप्पा माझ्याकडे आले. म्हणाले, "भाऊ, विकूनच टाकू का?"

मी म्हटलं, "आप्पा, आधी एक वही घ्या. आठ दिवस लिहा, मग ठरवू."

मागच्या भागात आपण क्लच पाहिला. क्लचच नसलेल्या गाडीत गिअर बदलतो कोण, हे समजलं की वहीत काय लिहायचं ते आपोआप कळतं.

आप्पांची गाडी चार गिअरची, टॉर्क कन्व्हर्टरवाली. टेबलावर दोन पंखे समोरासमोर ठेवले आणि एक सुरू केला, तर त्याच्या वाऱ्यानं दुसराही फिरू लागतो. टॉर्क कन्व्हर्टरमध्ये वाऱ्याच्या जागी तेल असतं. इंजिनाकडचा पंखा तेल फेकतो, गिअरबॉक्सकडचा त्या माऱ्यानं फिरतो. पुढे गिअर बदलण्याचं कामही तेलच करतं. आत पातळ चकत्यांचे गठ्ठे असतात. तेलाच्या दाबानं एक गठ्ठा सुटतो, दुसरा आवळला जातो, की गिअर बदलला. कोणत्या वाटेनं किती दाब सोडायचा, हे व्हॉल्व्ह बॉडी नावाचा भाग ठरवतो आणि त्याच्या झडपांना हुकूम गाडीचा कॉम्प्युटर देतो. एक गठ्ठा सुटणं आणि दुसरा आवळणं यांचा मेळ चुकला, की झटका बसतो. मेळ का चुकला, हे शोधणं म्हणजेच निदान.

म्हणून वहीत तीन गोष्टी लिहायच्या. गाडी गार होती की तापलेली? झटका कोणत्या गिअरला, किती वेगावर? आणि झटक्याआधी इंजिनाचा आवाज चढला का?

तिसरा प्रश्न सर्वांत मोलाचा. आधी इंजिन भुर्रकन वर जातं, गाडी पुढे ओढत नाही आणि मग दणका बसतो, याचा अर्थ चकत्या घसरताहेत, दाब कमी पडतोय. आवाज न चढता थेट दणका बसत असेल, तर दाब गरजेपेक्षा जास्त मिळतोय. तिथे संशय झडपेवर, तिच्या वायरवर किंवा रेस किती दाबली हे सांगणाऱ्या सेन्सरवर घ्यायचा. जुन्या काही गाड्यांत रेसपासून गिअरबॉक्सपर्यंत केबल असते; तिचा ताण बिघडला तरी हेच होतं. नुसता लिव्हर डीमध्ये किंवा आरमध्ये टाकताना धाडकन आवाज येत असेल, तर गिअरबॉक्सला दोष देण्याआधी इंजिनाचं फाउंडेशन बघा. मोकळ्या जागेत बोनेट उघडा, समोर कुणालाही उभं करू नका, ब्रेक घट्ट दाबून डी-आर, डी-आर करायला सांगा आणि बाजूनं पाहा. इंजिन जागच्या जागी उसळत असेल, तर रबर फाटलेलं आहे. आयडलिंग चढलेलं असलं तरी असाच दणका बसतो.

बॅटरी बदलल्यावर सुरू झालेले झटके हा आणखी एक प्रकार. अनेक गाड्यांचा कॉम्प्युटर चालवता चालवता दाबाचा अंदाज शिकत जातो. बॅटरी काढली की तो अंदाज पुसला जातो आणि पुन्हा शिकेपर्यंत काही दिवस गिअर खडबडीत पडतात. आणि गाडी एकाच गिअरमध्ये अडकून रडतखडत चालत असेल, तर कॉम्प्युटरनं बिघाड ओळखून बचावाचा पवित्रा घेतलाय असं समजा. तेव्हा स्कॅनर लावणं हेच पहिलं काम. पी ०७०० हा कोड दिसला, तर तो फक्त गिअरबॉक्सकडे बोट दाखवतो. त्याच्या सोबतीचा कोड वाचल्याशिवाय कुणालाही काही खोलू देऊ नका.

आप्पांची वही आठ दिवसांनी आली. शिक्षकी पेशातला माणूस, अक्षर मोत्यासारखं. सकाळी गार गाडीत एकदाही झटका नाही. दुपारी जळगावच्या गर्दीतून परतताना, अर्ध्या तासानंतर, दुसऱ्यातून तिसऱ्यात, दर वेळी. आणि शेवटच्या पानावर लिहिलं होतं : "झटक्याआधी इंजिन ओरडतं."

दाब कमी, तोही तापल्यावर. निम्मं निदान आप्पांनी घरबसल्या केलं होतं.

मग तेल पाहिलं. इथे घाई करू नये. पुस्तिकेत दिलेली पद्धतच पाळायची, कारण काही गाड्यांत इंजिन चालू ठेवून मोजतात, काहींत बंद करून लगेच, तर काहींत पट्टीच नसते. गाडी सपाट जागी उभी केली, पट्टी ओढून पांढऱ्या फडक्यावर टेकवली. नवं तेल बहुधा लाल, पारदर्शक असतं. तपकिरी झालं म्हणजे जुनं झालं. काळं आणि करपट वासाचं असेल, तर चकत्या जळल्या. धातूची चमक दिसली, तर आत झीज चालू आहे. दुधाळ गुलाबी दिसलं, तर रेडिएटरचं पाणी तेलात शिरलंय. अशी गाडी पुढे चालवायचीच नाही. वासाबद्दल असोदेकरांना वेगळं सांगायला नको. भरिताचं वांगं नीट भाजलंय की करपलंय, हे अंगणातून ओळखणारं नाक इथेही उपयोगी पडतं.

आप्पांच्या फडक्यावरचा डाग तपकिरी होता, पण करपट वास नव्हता. पातळी मात्र खालच्या खुणेच्याही खाली. तेल थंड करायला रेडिएटरकडे नेणाऱ्या रबरी नळीच्या टोकाशी तेलानं भिजलेली धूळ चिकटली होती, गळती तिथूनच. तेल कमी झालं की पंप तेलाबरोबर हवा ओढतो, फेस होतो आणि फेसाला दाब देता येत नाही.

मग रेडिएटरच्या पुढची जाळी पाहिली. बारीक पात्यांच्या मधे कापूस बसला होता, गोधडीसारखा थर. कापसानं लादलेल्या गाड्यांच्या मागून हिवाळाभर जायचं, तर दुसरं काय होणार? हिवाळ्यात ते निभावलं. पण जळगावचा पारा ४४-४५ वर गेला आणि वारा अडलेल्या रेडिएटरला तेल थंड करणं झेपेना. तेल मर्यादेपलीकडे तापलं, तर दर १० अंशांना त्याचं आयुष्य साधारण निम्मं होतं, असा जुना ठोकताळा आहे. खानदेशात तो गॅरेजच्या भिंतीवर लिहून ठेवावा.

नळी बदलली. जाळी आतून बाहेर, हलक्या दाबाच्या पाण्यानं धुतली. तेल पुस्तिकेतल्याच ग्रेडचं भरलं. नुसतं खालून सोडलं तर निम्म्याहून कमी तेल निघतं, बाकीचं कन्व्हर्टरमध्येच राहतं; म्हणून काही आठवडे गाडी चालवून पुन्हा एकदा बदललं. दुपारचा झटका गेला. डीमध्ये टाकताना हलका धक्का अजून बसतो. तो फाउंडेशनचा आहे आणि पावसाळ्याआधी तेही बदलू. गिअरबॉक्सचा एकही नट आम्ही खोलला नाही.

कधी खोलावा लागतोच. तेल काळं करपलेलं असेल आणि सगळ्याच गिअरना चकत्या घसरत असतील, तर नुसतं तेल बदलून पैसे घालवू नका. पण तो निर्णय शेवटचा. आधी वही, मग तेल, मग फाउंडेशन आणि वायरी, मग स्कॅनर.

एक ताकीद मात्र सगळ्यांना. अशी गाडी बंद पडली, तर ट्रॅक्टरला दोर बांधून ओढत आणू नका. इंजिन बंद म्हणजे तेलाचा पंप बंद. चाकं फिरतात आणि गिअरबॉक्स कोरडा घासला जातो. इंजिन जी चाकं फिरवतं ती उचलून किंवा पूर्ण गाडी ट्रॉलीवर चढवूनच आणा.

आप्पांनी वही बंद केलेली नाही. आता ते तेलाची पातळी दर महिन्याला लिहितात.

पुढच्या आठवड्यात एएमटी पाहू. २०१४ मध्ये सेलेरिओबरोबर ती आपल्या रस्त्यांवर आली आणि त्या पहिल्या गाड्या आता जुन्या झाल्या आहेत. तिच्यात क्लच असतो, पण तो दाबतं यंत्र. त्यामुळे तिचा झटका वेगळा आणि वहीतले प्रश्नही वेगळे.