आत्याचं नाव वंशावळीत नसतं

मालवण-वेंगुर्ल्याकडे एखाद्या घरात दुसऱ्यांदा कॅन्सर निघाला की वाडीत निकाल लागून जातो, ‘त्यांच्या घराण्यातच आसा तां.’ मग कुणी देवाला गाऱ्हाणं घालायला सांगतं, कुणी गोव्याला बांबोळीच्या इस्पितळात दाखवा म्हणतं. बहुतेक घरांत दोन्ही होतं आणि बहुधा याच क्रमाने. यातली ‘घराण्याची’ गोष्ट जनुकशास्त्राने गेली तीसेक वर्षं कसून तपासली. ती खरी निघाली, पण थोड्या घरांपुरती. सगळ्या कॅन्सरपैकी साधारण ५ ते १० टक्के कॅन्सरच आईवडिलांकडून आलेल्या एखाद्या जोरकस जनुकदोषामुळे होतात.

बाकीचे कॅन्सरही जनुकांतल्या बदलांमुळेच होतात, फक्त ते बदल जन्मानंतरचे असतात. वाढतं वय, तंबाखू, काही विषाणू किंवा निव्वळ दैवयोग यांमुळे एखाद्या अवयवातल्या एखाद्या पेशीत ते घडतात. टाटा मेमोरियलचं खारघरचं संशोधन केंद्र अॅक्ट्रेक आणि बंगालमधल्या कल्याणीची जीनोमिक्स संस्था यांनी २०१३ मध्ये गालफड-हिरडीच्या कॅन्सरमधले जनुकबदल छापले. त्यांत भर होता तो गाठीतच घडलेल्या बदलांवर. असे बदल त्या माणसाबरोबर संपतात, मुलांकडे जात नाहीत. मुलांकडे जातो तो बीजात असलेला बदल, आणि तो मग अंगातल्या प्रत्येक पेशीत असतो.

शिवाय घराण्यात जनुकांखेरीज इतरही पुष्कळ काही उतरतं. सासूच्या मशेरीच्या डबीत सुनेचं बोट जातं, बापाच्या चंचीत मुलाचं. त्या घरात दोघांना तोंडाचा कॅन्सर झाला तर आधी डबीकडे बघावं. तरीही एक प्रश्न उरतोच. तीच तंबाखू तितकीच वर्षं खाणाऱ्या दोघांपैकी एकच का सापडतो? मराठीत कॅन्सरवर लिहिणाऱ्या डॉ. रजनी भिसे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००२ साली याच प्रश्नावर काम प्रसिद्ध केलं. तंबाखूतल्या विषारी द्रव्यांचा निचरा करणारं जीएसटीएम१ नावाचं एक जनुक आहे (याचा कराशी संबंध नाही). कित्येक धडधाकट माणसांत ते जन्मापासून नसतंच, आणि एरवी त्याविना काही बिघडत नाही. तंबाखू खाणाऱ्यांत मात्र तोंडाचा कॅन्सर झालेल्यांमध्ये हे जनुक नसलेले लोक अधिक आढळले. अशी साधी, घरोघरी असणारी जनुकभिन्नता धोका थोडा वरखाली करते, एवढंच. तंबाखूचा स्वतःचा धोका त्याहून कितीतरी मोठा आहे. ‘माझं जनुक चांगलं आहे’ म्हणून मशेरी लावत राहणाऱ्याला या संशोधनात काडीचा आधार मिळणार नाही.

जोरकस दोषांचं प्रकरण वेगळं. १९९० मध्ये मेरी-क्लेअर किंग यांनी स्तनांच्या कॅन्सरचा एक वारसा १७ व्या गुणसूत्रावर असल्याचं दाखवलं. १९९४ मध्ये ते जनुक हाती आलं, बीआरसीए१, आणि पाठोपाठ बीआरसीए२. दोघांचंही काम तुटलेला डीएनए सांधण्याचं. प्रत्येक जनुकाच्या दोन प्रती असतात, एक आईची, एक बापाची. किनाऱ्यावर जाळं सांधायला दोन माणसं नेमली आहेत असं समजा. त्यांतला एक जन्मापासून आलेलाच नाही. दुसरा बसलेला आहे तोवर काम अडत नाही, कुणाच्या लक्षातही येत नाही. एखाद्या पेशीत तो दुसराही उठून गेला की फाटलेलं तसंच राहतं आणि पुढच्या प्रत्येक फेरीत भोक वाढतं. दोन घावांची ही कल्पना आल्फ्रेड नुडसन यांनी १९७१ मध्ये लहान मुलांच्या डोळ्यांतल्या कॅन्सरवरून मांडली होती. एक घाव जन्मतःच बसलेला असल्यामुळे अशा घरांत आजार तरुण वयात येतो, कधी दोन्ही स्तनांत येतो.

२०१७ मधल्या एका मोठ्या अभ्यासानुसार बीआरसीए१ मध्ये दोष असलेल्या बाईला ऐंशीव्या वर्षापर्यंत स्तनांचा कॅन्सर होण्याची शक्यता ७२ टक्के आहे आणि अंडाशयाचा होण्याची ४४ टक्के. बीआरसीए२ साठी हेच आकडे ६९ आणि १७. म्हणजे दोष असूनही काहींना आजार होत नाही. आजार जन्मपत्रिकेत लिहिलेला नसतो, लिहिलेली असते ती शक्यता.

असा वारसा घराबाहेर, समाजातही फिरतो, म्हणून आता थोडं खानोलकरांविषयी. टाटा मेमोरियल हॉस्पिटल १९४१ मध्ये परळला सुरू झालं तेव्हा तिथल्या प्रयोगशाळांची धुरा डॉ. वसंत रामजी खानोलकरांकडे आली. आडनावातलं खानोली वेंगुर्ले तालुक्यातलं. कोणत्या समाजात कोणता कॅन्सर जास्त दिसतो, याचा हिशेब त्यांनी फार लवकर मांडायला घेतला. पारशी बायकांत स्तनांच्या कॅन्सरचं प्रमाण जास्त आहे, हे मुंबईत तेव्हापासून बोललं जातं. १९४९ च्या सुमारास लालचंद संघवी आणि खानोलकर यांनी मुंबईतल्या सहा समाजांची रक्तगटांसारख्या सात आनुवंशिक लक्षणांवरून तुलना केली. आपल्यातच सोयरीक करणारे हे समाज होते. कॅन्सरच्या इस्पितळात बसून जातीजातींतले रक्तगट कसले मोजायचे, असं तेव्हा कुणालाही वाटलं असतं. माझ्या मते ते दोघे काळाच्या बरेच पुढे होते. सोयरीक आपल्यातच राहिली की एखाद्या पूर्वजाचा जनुकदोष त्या समाजात पिढ्यान् पिढ्या फिरत राहतो. दक्षिण ब्राझीलमध्ये टीपी५३ या जनुकातला, कॅन्सरचा धोका वाढवणारा एक दोष हजारात सुमारे तिघांकडे आहे, आणि तो एकाच मूळपुरुषाकडून आल्याच्या खुणा त्यांच्या डीएनएत आहेत. बीआरसीए१ मधली दोन अक्षरं गळण्याचा एक दोष अश्केनाझी ज्यूंपैकी साधारण शंभरात एकाकडे असतो. तोच दोष ज्यूंशी काही संबंध नसलेल्या भारतीय घरांतही सापडला आहे.

पण समाजापेक्षा डॉक्टरला अधिक उपयोग घराचा. जेनेटिक क्लिनिकमध्ये रक्त घेण्याआधी कागदावर घराणं काढतात. पुरुषाला चौकोन, बाईला गोल. आजारी असेल तर आतून काळा, वारला असेल तर वर तिरपी रेघ. सल्ला घ्यायला आलेल्याकडे बाण. मामेबहिणीशी लग्न असेल तर जोडणारी रेघ दुहेरी. शेजारी वय लिहितात, नुसतं सध्याचं नाही, आजार निघाला तेव्हाचंही. इथे कोकणातल्या घरांची पंचाईत होते. कुळाच्या वहीत दहा-बारा पिढ्यांची वंशावळ असते, पण ती मुलग्यांची. आत्या लग्न होऊन गेली की वहीतून गेली, आणि आत्याची मुलगी कशाने वारली हे विचारायची सोय नाही. बीआरसीएचा दोष बापाकडूनही तितकाच येतो, प्रत्येक अपत्याला निम्म्या शक्यतेने. बाप स्वतः बहुधा धडधाकट असतो, आजार दिसतो तो त्याच्या बहिणींत. डॉक्टरने ‘घरात कुणाला होता का?’ विचारलं की बायका आईच्या बाजूचं सांगून मोकळ्या होतात. त्यात निम्मी माणसं लालबाग-परळला गेलेली, आणि ‘पोटात गाठ झाली होती’ यापलीकडे कुणी बोललेलं नाही. पोरीचं लग्न जमायचं असेल तर तेवढंही बोलत नाहीत.

आणि घरातली माणसं बोलली तर काय होतं, त्याचाही दाखला आहे. १८९५ मध्ये, खानोलकरांच्या जन्मसालीच, अमेरिकेतल्या मिशिगनमध्ये एका शिवणकाम करणाऱ्या बाईने आल्ड्रेड वॉर्थिन या डॉक्टरला सांगितलं की आमच्याकडे सगळे आतड्याच्या नाहीतर गर्भाशयाच्या कॅन्सरने जातात, मीही तशीच जाणार. ती तशीच गेली. वॉर्थिन तिचं घराणं लिहीत बसला आणि १९१३ मध्ये त्याने ते छापलं. आज त्या आजाराला लिंच सिंड्रोम म्हणतात, त्यामागची जनुकं माहीत आहेत. अशा घरातल्या माणसाची आतड्याची दुर्बिणीतून तपासणी तरुणपणीच सुरू करतात.

तपासणीचा क्रम आपल्याकडे हमखास उलटा होतो. बहिणीला कॅन्सर झाला की धाकटी घाबरून स्वतःचं रक्त द्यायला निघते. आधी आजारी असलेलीचं रक्त तपासायचं असतं. तिच्यात दोष सापडला तरच इतरांत नेमका तोच शोधता येतो, आणि ती तपासणी स्वस्तही पडते. त्यासाठी कोकणकन्या एक्स्प्रेसने परळच्या टाटाला जायचं तर दादर, अॅक्ट्रेकला जायचं तर पनवेललाच उतरावं. कधी अहवालात बदल सापडतो, पण त्याचा अर्थ अजून ठरलेला नसतो. आजवरचे जनुकसाठे मुख्यतः युरोपीय लोकांच्या डीएनएचे असल्यामुळे आपल्या लोकांत असे अहवाल जास्त येतात. दहा हजार भारतीयांच्या जीनोमची माहिती जानेवारी २०२५ मध्ये संशोधकांना खुली झाली. तिने हे प्रमाण हळूहळू कमी व्हावं. असा अहवाल आला म्हणून कुणी ऑपरेशन करून घेऊ नये, काही वर्षांनी त्याचा अर्थ पुन्हा विचारावा.

दोष पक्का ठरला तर वाटा बऱ्याच आहेत. तरुणपणापासून दरवर्षी एमआरआय, काही औषधं, मुलंबाळं झाल्यावर अंडाशय काढणं. आजार झालाच असेल तर ओलापरिबसारखं औषध नेमकं याच दोषाचा फायदा घेतं. आणि धाकटीचं रक्त तपासून त्यात घरातला दोष नाही असं निघालं, तर तिला इतर बायकांइतकीच काळजी पुरे. हा दोष पिढी वगळून पुढे जात नाही. तिच्याकडे नाही, म्हणजे तिच्याकडून तिच्या मुलांनाही जात नाही. त्यांना त्यासाठी मुंबई गाठायची गरज नाही.