पुसदचा ९.७९ आणि पुस्तकातला ९.८

भौतिकशास्त्राच्या पुस्तकामागे स्थिरांकांचा तक्ता असतो. त्यातले सगळे आकडे एकाच जातीचे आहेत, अशी आपली समजूत होते आणि निम्मे गोंधळ तिथूनच सुरू होतात. गुरुत्व त्वरण, म्हणजे लहान जी, हा तर मूलभूत स्थिरांकच नव्हे. विषुववृत्तावर तो सुमारे ९.७८ आणि ध्रुवांवर ९.८३ मीटर प्रति सेकंद वर्ग भरतो. पुसद साधारण १९.९ उत्तर अक्षांशावर, समुद्रसपाटीपासून तीनशे मीटरांच्या आसपास. तिथे सूत्राने तो ९.७९ च्या जवळ येतो. ९.८०६६५ हे प्रमाण मूल्य १९०१ साली आंतरराष्ट्रीय परिषदेने सोयीसाठी ठरवले. एवढ्याशा फरकाने काय बिघडते, असे कोणी विचारेल. प्रश्न रास्त आहे. पुसदमध्ये एक मीटरच्या लंबकाची शंभर आंदोलने मोजली, तर ९.८ धरून काढलेल्या वेळेत जेमतेम ०.१५ सेकंदाची चूक राहते. थांबघड्याळ दाबणाऱ्या बोटाची चूकच त्याहून मोठी असते. १० धरले तर मात्र दोन सेकंदांहून जास्त फरक पडतो, आणि तो कोणालाही दिसेल. तोंडी हिशेबाला १० खुशाल घ्यावेत. पण मग उत्तरात दशांशाची पाच स्थळे कशासाठी?

प्रकाशाचा वेग वेगळ्या जातीचा. सेकंदाला २९,९७,९२,४५८ मीटर हा आकडा १९८३ पासून मोजला जात नाही. तो निश्चित करून मीटरच त्यावरून ठरवला आहे. २० मे २०१९ पासून प्लांकचा स्थिरांक आणि इलेक्ट्रॉनचा प्रभारही असेच पक्के झाले. मग विज्ञान मनमानी झाले का? नाही. मनमानी एककात असते, निसर्गात नाही. किलोग्रॅम आता प्लांकच्या स्थिरांकावरून ठरतो, पण त्या स्थिरांकाचे पक्के मूल्य जुन्या किलोग्रॅमशी जुळवूनच घेतल्यामुळे पुसदच्या बाजारातला कापसाचा क्विंटल तसूभरही हलला नाही. आणि सुमारे १/१३७ हा एककरहित सूक्ष्मरचना स्थिरांक आजही मोजावाच लागतो.

मोठा जी, म्हणजे वैश्विक गुरुत्व स्थिरांक, मोजून मिळणाऱ्यांतला सर्वांत हट्टी. कॅव्हेंडिशच्या १७९८ च्या प्रयोगाला सव्वादोनशे वर्षे उलटली, तरी ६.६७४३० × १०⁻¹¹ या मूल्यात दहा लाखांत बावीस भागांची अनिश्चितता आहे. मग उपग्रह अचूक कसे फिरतात? कारण कक्षेच्या गणिताला मोठा जी आणि पृथ्वीचे वस्तुमान यांचा गुणाकार पुरतो, आणि तो अब्जात दोन भागांपर्यंत माहीत आहे. पृथ्वीचे वस्तुमान किलोग्रॅममध्ये सांगायला गेलो की ती अचूकता हरवते. मोठा जी कायम तोच राहतो, हेही कोणी नुसते गृहीत धरलेले नाही. फ्रेड हॉइल आणि जयंत नारळीकर यांच्या १९६४ च्या गुरुत्व सिद्धांताच्या पुढच्या विस्तारात तो काळाबरोबर घटतो. चंद्रावर १९६९ पासून ठेवलेल्या परावर्तकांवर लेसर सोडून हे तपासता येते, आणि त्या मोजमापांत वर्षाला लाख कोटींत एका भागाएवढाही बदल आढळलेला नाही.