एमाला दोषी ठरवणार कोण?

1857च्या जानेवारीत पॅरिसच्या न्यायालयात एका कादंबरीवर खटला चालला. लेखक गुस्ताव्ह फ्लोबेर, ‘रेव्ह्यू द पारी’ या नियतकालिकाचा चालक आणि मुद्रक असे तिघे आरोपी होते. सार्वजनिक नीती आणि धर्म यांचा अवमान केल्याचा आरोप त्यांच्यावर होता. आदल्या वर्षाच्या ऑक्टोबर ते डिसेंबर या काळात क्रमशः छापून आलेल्या ‘मादाम बोव्हारी’त एमा ही विवाहित स्त्री दोन परपुरुषांच्या प्रेमात पडते, नवऱ्याला फसवते, कर्जात बुडते आणि विष घेऊन मरते. 29 जानेवारीला युक्तिवाद झाले आणि 7 फेब्रुवारीला तिघेही निर्दोष सुटले. पुढे सरकारी वकील एर्नेस्त पिनार याची आठवण साहित्याचा शत्रू म्हणूनच राहिली. बचावाचे वकील सेनार यांना मात्र फ्लोबेरने कृतज्ञतेने पुस्तक अर्पण केलं. तरीही दोघांचे युक्तिवाद शेजारी ठेवले की एक अवघड गोष्ट मान्य करावी लागते: कादंबरी पिनारला जास्त कळली होती. शिक्षेची त्याची मागणी अन्यायाची होती, पण पुस्तकात जे आहे ते त्याने नेमकं पाहिलं होतं.

सेनार यांचा बचाव सरळ होता. ही कादंबरी पापाची किळस आणते, व्यभिचारी स्त्रीचा शेवट किती भयंकर होतो ते दाखवते, म्हणजे ती नीतीच शिकवते, असं त्यांचं म्हणणं. पिनारला हे पटलं नाही. त्याने विचारलं की या पुस्तकात या बाईला दोषी ठरवू शकेल असं आहे तरी कोण? नवरा शार्ल तिच्या मृत्यूनंतरही तिच्यावर प्रेमच करत राहतो. गावच्या धर्मगुरूला माणसाच्या मनातलं काही उमगत नाही. औषधविक्या ओमे पोकळ बडबड्या आहे. एमा मरते तीही व्यभिचारिणी म्हणून नव्हे, तिने स्वतः ठरवलं म्हणून, हेही पिनारने ओळखलं. ज्या पुस्तकात न्याय करणारं एकही पात्र नाही ते समाजाला घातक, असा त्याचा निष्कर्ष. निष्कर्ष बाजूला ठेवला तर निरीक्षण खरं आहे. फ्लोबेरने न्यायाधीशाची खुर्ची मुद्दाम रिकामी ठेवली आहे, आणि माझ्या मते या कादंबरीचं नैतिक बळ त्या रिकाम्या खुर्चीतच आहे.

हे त्याने साधलं ते निवेदनाच्या पद्धतीतून. पहिला प्रियकर रोदोल्फ याच्याशी संबंध आल्यावर एमा आरशात पाहते. तिला आपले डोळे कधी नव्हते इतके मोठे, काळेभोर दिसतात. आपल्याला प्रियकर आहे या विचाराने ती हरखून जाते. पिनारने हाच उतारा वाचून लेखक व्यभिचाराचा गौरव करतो आहे असं सांगितलं. पण ते शब्द लेखकाचे की एमाचे? फ्लोबेर ‘तिला वाटलं’ अशी सूचना न देता पात्राच्या मनातली वाक्यं थेट निवेदनात मिसळतो. वाचक एमाच्या आत असतो आणि त्याच वेळी तिच्यापासून थोडा दूरही. तिचा आनंद खरा आहे हे त्याला जाणवतं आणि तो आनंद उसन्या स्वप्नांवर उभा आहे हेही दिसतं. आज ही रीत आपल्या इतकी अंगवळणी पडली आहे की तिच्यामुळे एकेकाळी खटला अडला होता हे सांगावं लागतं.

यावर एक आक्षेप रास्त आहे. न्याय न करणं म्हणजे दोष झाकणं नव्हे का? पुस्तकच उत्तर देतं. एमाचा एकही दोष फ्लोबेर लपवत नाही. मुलगी जवळ आली की ती चिडून तिला ढकलते आणि पोरीच्या गालाला जखम होते. पियानोच्या शिकवणीच्या बहाण्याने ती दर आठवड्याला रुआँला दुसऱ्या प्रियकराकडे, लिऑनकडे जाते. साध्याभोळ्या शार्लचा तिला इतका तिटकारा आहे की त्याच्या जेवण्याच्या सवयीही तिला सोसवत नाहीत. वाचकाला कित्येकदा तिचा राग येतो, आणि तो यावा अशीच लेखकाची इच्छा दिसते. फक्त या रागाचं निकालपत्र लिहायला तो आपल्याला वाव देत नाही, कारण पुढच्याच पानावर तिची तगमग इतक्या जवळून दिसते की हात थांबतो.

दुसरा आक्षेप जास्त खोल जातो. मठातल्या शाळेत चोरून वाचलेल्या प्रेमकथांनी एमाचं डोकं फिरवलं, तेव्हा फ्लोबेरने दोष ठरवलाच आहे: भाबडी वाचनवेडी बाई, तिचं असंच होणार. हे वाचन अपुरं आहे, कारण या कादंबरीत उसनी भाषा सगळेच बोलतात. कृषी प्रदर्शनाच्या प्रकरणात खाली चौकात सरकारी अधिकारी शेती आणि राष्ट्राच्या प्रगतीवर ठरावीक शब्दांत भाषण करतो, खतासाठी, डुकरांसाठी बक्षिसं जाहीर होतात. वर नगरभवनाच्या दालनात रोदोल्फ एमाला नशिबाच्या आणि आत्म्यांच्या ओढीच्या तितक्याच ठरावीक गोष्टी सांगत असतो. दोन्ही भाषणं एकमेकांत विणली आहेत. मग फरक कुठे आहे? एमाला त्या शब्दांवर विश्वास आहे, रोदोल्फला नाही. पुढे एमा त्याच वापरून गुळगुळीत झालेल्या शब्दांत आपलं प्रेम सांगते, तेव्हा बऱ्याच बायकांकडून तेच ऐकलेल्या रोदोल्फला तिच्यातलं खरेपण ओळखू येत नाही. इथे एरवी अलिप्त असलेला निवेदक क्षणभर पुढे येतो आणि रोदोल्फची चूक दाखवतो. शब्द शिळे असले म्हणून भावना खोटी ठरत नाही. मला तरी कादंबरीतली सर्वांत मोठी माया याच जागी दिसते.

राहिला तिच्या शेवटाचा प्रश्न. एमाला मारतं कर्ज. कापडव्यापारी लेरो तिला उधारीवर वस्तू देतो, हुंड्यांवर सह्या घेतो, जुन्या हुंड्यांच्या जागी नव्या करवतो. नवऱ्याकडून कुलमुखत्यारपत्र मिळवण्याची युक्तीही त्याचीच. अखेर 24 तासांत 8,000 फ्रँक भरा, नाहीतर जप्ती, असा हुकूम येतो. ती लिऑनकडे जाते, नोटरीकडे जाते, शेवटी रोदोल्फकडे 3,000 फ्रँक मागते. कुणी देत नाही. ओमेच्या औषधालयातलं आर्सेनिक हाच मग तिच्यापुढचा शेवटचा मार्ग उरतो. तिच्या अंत्यविधीच्या रात्री रोदोल्फ शांत झोपतो, लिऑनही झोपतो. लेरोचं काहीच बिघडत नाही. ओमेला सरकारी सन्मानाचं पदक मिळतं. शार्लला प्रेमपत्रं सापडतात; पुढे रोदोल्फ भेटतो तेव्हा तो त्याला दोष देत नाही, दोष नियतीला देतो. निवाड्याचा हक्क ज्याचा होता त्या एकट्या माणसाने तो सोडून दिला, आणि ज्याला क्षमा मिळाली त्या रोदोल्फला ती हास्यास्पद वाटली. सेनार म्हणतात तसा पापाला शिक्षा हा इथला नियम असता, तर ती एमाच्याच वाट्याला आली नसती, आणि कापसाच्या गिरणीत कामाला पाठवलेल्या तिच्या लहानग्या मुलीच्या वाट्याला तर मुळीच नाही.

आजची वाचक यावर विचारेल, आणि तिने विचारायलाच हवं: बाई मेली, पुरुष सुटले, मग ही पुरुष लेखकाची जुनीच रीत नाही का? एकोणिसाव्या शतकातल्या कादंबऱ्यांत अशा बायका फार मरतात. ॲना कॅरेनिना रेल्वेखाली जाते. पण तेव्हाचा कायदा पाहा. 1810च्या फ्रेंच दंडसंहितेत व्यभिचारी पत्नीला तीन महिने ते दोन वर्षं कैद होती. नवऱ्याने राहत्या घरी दुसरी बाई ठेवली तरच त्याला शिक्षा, तीही नुसता दंड. घटस्फोट 1816मध्ये रद्द झाला होता आणि 1884पर्यंत परत आला नाही. नवऱ्याच्या अधिकारपत्राशिवाय एमाला पैशाचा व्यवहारही मोकळेपणी करता येत नव्हता, आणि लेरोने हीच फट हेरली. लग्नातून बाहेर पडायला या समाजाने दार ठेवलेलं नव्हतं, हे फ्लोबेर एकही निषेधाचं वाक्य न लिहिता, नुसत्या हुंड्या, सह्या आणि तारखा मांडून दाखवतो. पिनारला पुस्तकात न्यायाधीश सापडला नाही. समाजाचा न्याय मात्र त्यात पानोपानी होता, आणि तोच न्याय मागायला तो त्या दिवशी न्यायालयात उभा होता.