खडकवासल्याची हद्द कोण हलवतं?
खडकवासल्याचं धरण 1879 चं. तेव्हापासून पुण्याच्या कितीतरी पिढ्या त्याच्या पाण्यावर वाढल्या. पण धरणाला ज्या गावाचं नाव आहे, ते गाव पुणे महापालिकेत आलं 30 जून 2021 ला. मध्ये 142 वर्षं गेली!

त्या दिवशी गावात काय हललं? मुठा नदी, चौपाटीवरच्या कणसांच्या गाड्या, सगळं जागच्या जागी. ग्रामपंचायत मात्र संपली, सरपंचपद गेलं, दप्तर महापालिकेच्या ताब्यात गेलं. काल घराची नोंद ग्रामपंचायतीच्या नमुना 8 मध्ये होती, आज ते घर महापालिकेच्या मिळकतकराच्या यादीत. शेताचा सातबारा तेवढा महसूल खात्याकडेच राहिला. एकाच कुटुंबाचं घर एका दप्तरात, शेत दुसऱ्यात!

मला याहून नवल वाटतं ते हद्दीची ही रेघ ओढणाऱ्याचं. मनात आलं म्हणून पुण्याला शेजारचं गाव घेता येत नाही. महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमाच्या कलम 3 प्रमाणे हद्द बदलायचा अधिकार राज्य सरकारचा. महापालिकेशी विचारविनिमय करायचा, प्रारूप अधिसूचना काढायची, हरकती मागवायच्या, मगच अंतिम अधिसूचना. ग्रामसभेनं नकाराचा ठराव केला तरी तो सरकारवर बंधनकारक नाही. अमेरिकेतल्या टेक्सास राज्यात 2019 पासून बहुतेक ठिकाणी शहराची हद्द वाढवायला त्या भागातल्या रहिवाशांची किंवा जमीनमालकांची संमती लागते. आपल्याकडे गावकऱ्याच्या हाती आहे ती हरकत.

काही जागांपुढे मात्र ही रेघ थांबते. पुण्याचा कॅम्प शहराच्या पोटात, तरी कारभार कटक मंडळाचा (कॅन्टोन्मेंट बोर्डाचा), कारण या मंडळांचा कायदा केंद्राचा.

आणि रेघ मागेही सरकते. 2021 ला खडकवासल्यासह 23 गावं आली आणि पुणे महापालिका क्षेत्रफळानं मुंबईहूनही मोठी झाली. पण 2017 ला घेतलेली फुरसुंगी आणि उरुळी देवाची ही गावं 2024 मध्ये वगळून त्यांची स्वतंत्र नगरपरिषद झाली. करांचा बोजा आणि अपुऱ्या सोयी ही तिथली मोठी तक्रार होती.

तुमचं गाव शहराच्या वेशीवर असेल, तर प्रारूप अधिसूचनेवर लक्ष ठेवा. मुदतीत लेखी हरकत द्या, आणि पोच घेतल्याशिवाय कचेरीतून निघू नका.